क्लच प्लेट स्वतः बदलावी की गाडी गॅरेजमध्ये द्यावी?

वळणवाट

नमस्कार. माझी गाडी लहान, पेट्रोलवर चालणारी आणि पुढच्या चाकांना ओढ असलेली आहे. गिअर हाताने बदलायचे आहेत आणि क्लच केबलवर चालतो. गाडी ९५,००० किलोमीटर चालली असून क्लच अजून मूळचाच आहे. गेल्या दोन महिन्यांपासून चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर जातो, पण गाडी मात्र आपल्याच चालीने चालत राहते. पेडल पूर्वीपेक्षा जड झाले आहे आणि पाय जवळजवळ पूर्ण वर आल्याखेरीज गाडी जागची हलत नाही. परवा गर्दीत बराच वेळ अर्ध्या क्लचवर गाडी सरकवावी लागली, तेव्हा असा जळका वास आला की शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच वर केली.

एका गॅरेजमध्ये विचारले, तर तिथल्या कारागिराने गाडी चालवून न पाहताच पूर्ण सेट टाकावा लागेल असे सांगितले. आणखी काय काय बदलावे लागेल, असे विचारल्यावर "उघडल्यावर कळेल" एवढेच उत्तर मिळाले. या कामात सुट्या भागांपेक्षा मजुरीच जड असते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे काम घरी करण्याचा विचार मनात आला. ब्रेक पॅड, इंजिन ऑइल आणि स्टार्टर मोटर मी स्वतः बदललेली आहे, आणि एकदा ड्राइव्ह शाफ्टचे, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचे, फाटलेले रबरी बूटही बदलले आहे. छप्पर असलेली सपाट काँक्रीटची जागा आहे, पाने-सॉकेट आहेत, आणि गाडी चार दिवस उभी राहिली तरी अडचण नाही. गिअरबॉक्स मात्र कधी उतरवलेला नाही. हे काम माझ्यासारख्याच्या आवाक्यातले आहे का, आणि ते नेमके कुठे अडते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

तिसरा_गिअर

गिअरबॉक्स उतरवण्याचा विचार करण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या, कारण क्लच गेला असे समजून सगळे उघडावे आणि दोष केबलमध्ये निघावा, असे पुष्कळदा घडते.

पहिली गोष्ट म्हणजे पेडलची मोकळी चाल, म्हणजे क्लचवर दाब येण्याआधी पेडल जेवढे सहज दबते ते अंतर. प्लेट झिजून पातळ होते तशी तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे (इंजिनाच्या टोकाला फिरणाऱ्या जड चकतीकडे) सरकते आणि तिच्या डायाफ्राम स्प्रिंगच्या पाकळ्यांची टोके उलट बाजूला, म्हणजे रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबल्यावर या पाकळ्या दाबणाऱ्या बेअरिंगकडे) येतात. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या केबलमध्ये मोकळी चाल हळूहळू कमी होत जाते आणि ती संपली की पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग पाकळ्यांना दाबून धरते. म्हणजे आपण न दाबताच क्लच थोडा दाबलेला राहतो आणि घसरतो. अशा वेळी केबल सैल करून चाल पुन्हा जुळवली की निदान काही काळ तरी काम भागते. ती चाल किती असावी याचा आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत मिळेल. काही गाड्यांत केबल आपोआप जुळणारी असते आणि तिथे मोकळी चाल मुळात नसतेच, म्हणून आपली केबल कोणत्या प्रकारची आहे ते आधी पाहा.

दुसरी गोष्ट म्हणजे घसरण्याची खात्री. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने जात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा झपकन वर गेला आणि वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडण्याची आणखी एक परीक्षा आहे. तिच्यात निरोगी क्लच इंजिन तत्काळ बंद पाडतो. मात्र ती एकदाच करावी, कारण घसरणारा क्लच त्या काही सेकंदांत भयंकर तापतो.

आवाजाचे आपण काही लिहिलेले नाही. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. गाडी न्यूट्रलमध्ये असताना पेडल सोडल्यावर आवाज येत असेल आणि दाबल्यावर तो थांबत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून ताकद आत नेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा असण्याची शक्यता मोठी असते आणि क्लच बदलून तो जाणार नाही. हा फरक आजच तपासून ठेवा, नाहीतर त्याच गिअरबॉक्सला दुसऱ्यांदा खाली उतरवण्याची पाळी येईल.

तेलकट_हात

मी हे काम आतापर्यंत तीनदा केले आहे. दोनदा ते नीट झाले आणि पहिल्यांदा मी गिअरबॉक्सचा कान (बोल्ट बसतो तो बाहेर आलेला भाग) तोडला, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

क्लच बदलणे हे काम अर्ध्या तासाचे आहे. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट काढायचे, जुनी प्लेट बाहेर, नवी आत, पुन्हा सहा बोल्ट. बाकीचा सगळा वेळ त्या सहा बोल्टांपर्यंत पोहोचण्यात आणि तिथून परत येण्यात जातो. सराईत कारागीर लहान गाडीचे हे काम चार ते सहा तासांत उरकतो. पहिल्यांदा करणाऱ्याने दोन पूर्ण दिवस धरावेत आणि तिसरा दिवस हाताशी ठेवावा. आपल्याकडे चार आहेत, हे उत्तम.

आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवा. मग बॅटरी, तिचा ट्रे आणि एअर फिल्टरची पेटी काढली की गिअरबॉक्सचा वरचा भाग दिसू लागतो. क्लच केबल, गिअरच्या केबल किंवा दांडे, रिव्हर्स स्विचची आणि वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर, अर्थिंगची पट्टी, स्टार्टर मोटर या सगळ्यांचे सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. चाकाच्या मध्यावरचा, ड्राइव्ह शाफ्ट धरून ठेवणारा हबचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच, कोणाला तरी ब्रेक दाबायला बसवून सैल करावा लागतो. तो १५० न्यूटन-मीटरच्या पुढे आवळलेला असू शकतो आणि गाडी स्टँडवर चढवल्यावर त्याच्याशी झोंबणे धोक्याचे आहे. काही गाड्यांत ड्राइव्ह शाफ्ट आतल्या टोकाकडून सुटतो आणि या नटाला हात लावावा लागत नाही. शाफ्ट ओढण्याआधी गिअर ऑइल काढून घ्यावे, अन्यथा ते आपल्या बाहीत उतरते.

गाडी जॅकवर उचलायची, पण ठेवायची स्टँडवर, आणि मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली जाऊ नये. गिअरबॉक्स खालून बाहेर काढायचा असतो, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त उंची लागते. जमिनीवर पडलेला गिअरबॉक्स बंपरखालून सरकेल की नाही, हे आधीच टेपने मोजा. मी मोजले नव्हते.

गिअरबॉक्सच्या बाजूचे माउंटिंग सोडवले की इंजिन त्या बाजूला कलते, म्हणून त्याआधी इंजिनाला आधार द्यावा लागतो. आडवा दांडा टाकून वरून टांगणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल तर इंजिनाच्या तळाशी जॅक लावावा, पण मध्ये जाड रुंद फळी ठेवावी, म्हणजे तेलाच्या पात्राला पोचा येणार नाही. गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारे बोल्ट बहुधा वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सची बाह्यरेषा काढून, ज्या जागेचा बोल्ट त्या जागी भोक पाडून खोचून ठेवला, की जोडताना विचार करावा लागत नाही.

आता सर्वांत नाजूक जागा. शेवटचा बोल्ट निघाल्यावर गिअरबॉक्स इंजिनापासून सुटतो, पण त्याचा इनपुट शाफ्ट अजून प्लेटच्या मधल्या खाचांत असतो. लहान गाडीचा गिअरबॉक्सही ३० ते ४० किलोंचा असतो. तो क्षणभर जरी त्या शाफ्टवर लोंबकळला तरी प्लेटचा मधला भाग वाकू शकतो. उतरवताना वाकला तर फिकीर नाही, कारण ती प्लेट टाकायचीच आहे, पण चढवताना हेच झाले तर नवी प्लेट वाया जाते आणि गाडी सुरू झाल्यावर क्लच नीट सुटत नाही. गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक आणि बाजूला दुसरा माणूस, या दोन्हींशिवाय हे काम सुरू करू नये.

उघडल्यावर जी काळी धूळ दिसेल ती फुंकू नका आणि हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. नंतर ब्रेक क्लीनर वापरावा, पण दारे उघडी ठेवून आणि जवळपास ठिणगीचे काही नसताना.

नवी प्लेट बसवताना तिच्यावर बाजूची खूण असते ती वाचा. बहुतेक प्लेटांत स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे येतो. उलटी बसली तर तो भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो. फ्लायव्हीलचा आणि प्लेटचा पृष्ठभाग स्वच्छ हातांनीच हाताळावा, तेलकट बोटाचा ठसासुद्धा नको. इनपुट शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी नखभर लावावे, प्लेट एकदा मागेपुढे सरकवून बाहेर आलेले पुसून टाकावे. जास्त लावले तर ते फिरताना उडून थेट प्लेटवर जाते.

मग मध्य साधणे. प्रेशर प्लेट आवळेपर्यंत क्लच प्लेट मोकळी असते आणि आवळल्यावर जिथे असेल तिथेच अडकते. ती बरोबर मध्यावर नसेल तर शाफ्ट आत जाणार नाही. यासाठी प्लास्टिकची किंवा लोखंडाची मध्य साधण्याची कांडी मिळते, सेटबरोबर आली नसेल तर आवर्जून आणावी. ज्या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकाला पायलट बेअरिंग नसते, तिथे ही साधी कांडी टेकायला जागाच नसते आणि वेगळ्या प्रकारचे साधन लागते. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून, साध्या पान्यानेच आवळावेत. बऱ्याच लहान गाड्यांत ते २० ते २५ न्यूटन-मीटरला आवळले जातात, पण आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा.

आता त्या तुटलेल्या कानाविषयी. पहिल्या वेळी मी मध्य डोळ्याच्या अंदाजाने साधला होता. गिअरबॉक्स वर नेला, शाफ्ट आत गेला आणि शेवटची बोटभर फट काही केल्या मिटेना. संध्याकाळ झाली होती, धरायला आलेला मित्र घड्याळ पाहत होता. मी दोन लांब बोल्ट लावले आणि पान्याने आवळत गिअरबॉक्स ओढून घ्यायला लागलो. फट अर्धी झाली तेव्हा बरे वाटले. पुढच्या अर्ध्या फेऱ्याला सुपारी फुटावी तसा आवाज झाला आणि ॲल्युमिनियमचा कान बोल्टासकट हातात आला. प्लेट दोन मिलिमीटरने खाली होती, बस. गिअरबॉक्स शेवटपर्यंत हातानेच मिटला पाहिजे. मिटत नसेल तर कोणाला तरी क्रँकच्या पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन किंचित फिरवायला सांगा, म्हणजे खाचा जुळतात. जॅकचा कोन बदलून पाहा, फट चारी बाजूंनी सारखी आहे का ते बघा. तरीही जमत नसेल तर खाली उतरवून मध्य पुन्हा साधा. बोल्ट हे मिटलेली फट धरून ठेवण्यासाठी असतात.

बिजागरी

मी याच धंद्यात आहे, त्यामुळे माझे मत थोडे वेगळे वाटले तर समजून घ्यावे. वर सांगितलेली रीत योग्य आहे. केबलचा क्लच, लहान गाडी, सपाट जागा, ड्राइव्ह शाफ्ट एकदा हाताळलेला, एवढे असल्यावर धागाकर्त्याने हे करून पाहायला माझी हरकत नाही. मात्र हा धागा वाचून दुसऱ्या कोणी भलत्या गाडीखाली शिरू नये, म्हणून लिहितो.

ज्या गाड्यांत दोन तुकड्यांचे, आत स्प्रिंग असलेले ड्युअल-मास फ्लायव्हील असते, ते डिझेल गाड्यांत बरेच आढळते, तिथे ते फ्लायव्हील किती फिरते आणि किती डुलते हे मोजून ठेवायचे की बदलायचे ते ठरवावे लागते. ज्या प्रेशर प्लेट स्वतःहून झीज भरून काढतात, त्या विशेष साधनाने दाबून न बसवता नुसत्या बोल्टांनी ओढल्या, तर त्यांची आतली कडी पहिल्याच दिवशी पुढे सरकते. ज्या गाडीत रिलीज बेअरिंग आणि हायड्रॉलिक सिलिंडर एकत्र गिअरबॉक्सच्या आत असतो, तिथे तो सिलिंडर बरा दिसला तरी बदलूनच टाकावा, कारण महिन्याभराने तो गळला तर सगळी मेहनत पुन्हा आली. चारही चाकांना ओढ असलेल्या गाड्यांचे काम घरी करू नये.

गॅरेजची बाजूही सांगतो. "उघडल्यावर कळेल" हे उत्तर ऐकायला वाईट लागते, पण या कामात ते पुष्कळदा खरे असते. मात्र गाडी न चालवता निदान सांगणे मला मान्य नाही. काम गॅरेजमध्ये दिलेत तर गिअरबॉक्स खाली आल्यावर मला बोलवा, एवढी एकच अट घाला. जुनी प्लेट हातात घेऊन बघा. तिच्यावरचे घासले जाणारे अस्तर रिवेटच्या डोक्यापर्यंत आले असेल तर ते डोळ्यांना दिसते, तिथे कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. तशी अट मान्य न करणाऱ्या ठिकाणी मी स्वतः माझी गाडी दिली नसती.

वळणवाट

तिघांचेही मनापासून आभार. केबलची चाल पुस्तिकेप्रमाणेच निघाली, आणि मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये काटा सरळ वर गेला, म्हणजे क्लच घसरतो आहे हे नक्की. पेडल दाबून किंवा सोडून कुठलाही आवाज येत नाही. काम घरी करायचे ठरवले आहे, धाकटा भाऊ मदतीला येणार आहे. एकच शंका उरली आहे. फ्लायव्हील काढून लेथवर घासून घ्यावेच लागते का?

बिजागरी

प्रत्येक वेळी नाही. पृष्ठभाग नुसता काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवेतिडवे हलके घासून ब्रेक क्लीनरने पुसावे. निळसर डाग म्हणजे तिथे फार उष्णता झाली होती. त्यांच्यासोबत केसासारख्या बारीक भेगा असतील, किंवा नखाला अडकेल एवढी चाकोरी पडली असेल, तर फ्लायव्हील काढून लेथवर द्यावे. काही फ्लायव्हीलमध्ये प्लेट टेकते तो भाग आणि प्रेशर प्लेट बसते तो कडा वेगवेगळ्या पातळीवर असतात. तिथे दोन्ही भाग सारखेच घासावे लागतात, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो. हे लेथवाल्याला आधी सांगा. भेगा खोल असतील तर घासण्यात अर्थ नाही, नवे बिडाचे फ्लायव्हील घ्यावे. ड्युअल-मास असते तर घासण्याचा प्रश्नच नव्हता. आणि फ्लायव्हील काढलेच, तर त्यामागचे क्रँकशाफ्टचे ऑइल सील तेव्हाच बदला. ते एरवी हाताला लागत नाही.

वळणवाट

काम पूर्ण झाले, म्हणून कळवतो आहे. तीन दिवस लागले आणि त्यांतला अर्धा दिवस उजव्या बाजूचा हबचा नट सुटण्यात गेला. शेवटी पान्याला लांब पाइप जोडून भाऊ त्यावर उभा राहिला तेव्हा तो नरमला.

जुनी प्लेट एका बाजूने रिवेटपर्यंत आली होती आणि फ्लायव्हीलवर रिवेटांच्या डोक्यांनी बारीक गोल ओरखडे काढले होते. भेगा नव्हत्या, परंतु नख अडकत होते, म्हणून फ्लायव्हील काढले. त्यामागे क्रँकच्या सीलखाली ओलसर तेल दिसले. ते अजून प्लेटपर्यंत पोहोचले नव्हते, पण पोहोचलेच असते. म्हणजे गॅरेजमधल्या त्या माणसाचे "उघडल्यावर कळेल" माझ्या गाडीपुरते तरी शब्दशः खरे ठरले. सील बदलले, फ्लायव्हील लेथवरून घासून आणले आणि त्याचे बोल्ट नवे लावले.

गिअरबॉक्स वर नेताना शेवटची फट आमच्याकडूनही मिटत नव्हती. तेलकट_हात यांचा तुटलेला कान डोळ्यांपुढे असल्यामुळे बोल्टांना हात लावला नाही. भावाने पुलीवर पाना लावून इंजिन अगदी थोडे फिरवले, मी गिअरबॉक्सची मागची बाजू गुडघ्याने किंचित वर केली आणि तो एका दबक्या आवाजासरशी जागेवर बसला. त्याच क्षणी भाऊ वरून "काय तुटलं?" असे ओरडला.

सगळे जोडल्यावर मागचा पांढरा दिवा लागेना, तेव्हा रिव्हर्स स्विचची वायर जोडायचीच राहिल्याचे लक्षात आले. ती घालण्यासाठी एअर फिल्टरची पेटी पुन्हा काढावी लागली.

तेलकट_हात

अभिनंदन. पहिले ५०० किलोमीटर अस्तर बसेपर्यंत सावकाश चालवा, चढावर अर्ध्या क्लचने गाडी धरून ठेवू नका आणि ओझे ओढू नका. आठवड्याभराने केबलची चाल एकदा पुन्हा मोजा. गिअर ऑइलची पातळी पाहा आणि दोन्ही शाफ्ट जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतात तिथे बोट फिरवून बघा, ओले लागता कामा नये.

वळणवाट

दोन्ही जागा आज पाहिल्या, कोरड्या आहेत. पेडल मात्र इतके हलके झाले आहे आणि क्लच इतक्या खाली उचलतो आहे, की इतक्या वर्षांच्या सवयीने पाय वर येण्याची वाट पाहत राहतो आणि गाडी दारातच बंद पडते. काल तीनदा पडली.